घर, बलुतं आणि मंडळी: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती नात्यांची पार्श्वभूमी

नवरा-बायको, बाप-लेक, मालक-कामगार यांच्याविषयी ख्रिस्ती घरांत बोलणं निघालं, की बायबलमधली, प्रेषित पौलाची इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेली पत्रं हटकून उघडली जातात. पत्नीनं अधीन राहावं, मुलांनी आज्ञा पाळावी, दासांनी धन्याचं ऐकावं, एवढंच पुष्कळदा वाचलं जातं. पण त्याच ओळींना लागून वरचढ बाजूलाही बजावलेलं आहे: बायकोशी कठोर वागू नका, मुलांना चिरडीस आणू नका, दासांना न्यायानं वागवा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. मराठवाड्याचा इतिहास पाहिला तर ही दुसरी बाजूच इथं जास्त महत्त्वाची ठरते.

सुरुवात मात्र घर तुटण्यापासून झाली. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपाद त्याच्यामागे जाऊ लागला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा बापाच्या ताब्यात दिला गेला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका आईच्या दोन मुलांच्या वाटा कायमच्या फुटल्या.

हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. तिथं त्यांच्याकडे आलेली माणसं मुख्यतः मांग आणि महार समाजातली होती. त्यांच्यासाठी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवण्यात आलं. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात मिळाली. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत शेषाद्रींनी आपल्या कामाची माहिती दिली.

वेगळं गाव का लागलं, हे बलुत्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा काम हे नातंच होतं आणि ते जन्मानं ठरलेलं होतं. मांगानं दोरखंड वळायचे, केरसुण्या द्यायच्या, देवाच्या मिरवणुकीपुढे हलगी वाजवायची. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन कोसभर पळायचं. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य आणि दारात मागून आणलेली भाकरी. ख्रिस्ती झालेल्या माणसानं मूर्तीपुढे हलगी वाजवायला नकार दिला, की तो फक्त श्रद्धेचा प्रश्न उरत नसे. खळ्यावरचा वाटा बंद व्हायचा, पाटील बिथरायचा, भावकी दोष द्यायची. शिवाय आठवड्यातला एक दिवस उपासनेचा म्हणून काम थांबवणं बलुतेदारीत बसणारं नव्हतंच. जो माणूस उद्यापासून गावाला बांधील नाही, त्याला उभं राहायला जमीन आणि शाळा लागते. बेथेलचं मोल मला यात दिसतं.

छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) चर्च मिशनरी सोसायटीचं काम पारशी घरातून आलेल्या रतनजी नवरोजींनी केलं. घोगरगावच्या बाजूला कॅथलिक धर्मगुरू आले, आणि 1977 मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

जात मात्र मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आली ती आलीच. प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला) शेजारी बसणारी घरं सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतात, याचं दुःख जुन्या पाळकांनाही होतं आणि आजही आहे. पौलानं फिलेमोनाला पत्र लिहून पळून गेलेल्या अनेसिम दासाला ‘भाऊ’ म्हणून घरात घ्यायला सांगितलं. ते पत्र लग्नाच्या बैठकीत कुणी वाचत नाही.

कायद्यानं घरातली नाती वेगळ्या तऱ्हेनं बदलली. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश मिळतं आणि उरलेलं मुलगे-मुलींत सारखं वाटलं जातं. तरीही तलाठ्याकडे जायची वेळ आली, की बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवणारे भाऊ ख्रिस्ती घरांतही असतात. घटस्फोटात तर बायकोला नवऱ्याएवढी कारणं मिळायला 2001 ची दुरुस्ती यावी लागली.

नोकरीच्या जागी परिणाम झाला तो 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाचा. आधी हिंदू, मग 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. त्यामुळे एकाच आजोबांच्या दोन नातवंडांपैकी एकाच्या हाती अनुसूचित जातीचा दाखला असतो, दुसऱ्याच्या हाती नसतो, आणि नोकरभरतीच्या रांगेत चुलतभावांचे अर्ज वेगवेगळ्या गठ्ठ्यांत जातात.