अंगभूत फंक्शनचेच नाव व्हेरिएबलला दिले, तर कंपायलर का कोसळतो : पार्श्वभूमी

फॉरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचा पहिला कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) 1957 मध्ये आयबीएम 704 या संगणकासाठी आला. तेव्हाच्या पंचकार्डांच्या 48 चिन्हांत चौकटी कंस नव्हता, म्हणून अ‍ॅरे (एकाच नावाखालची क्रमांकित मूल्ये) आणि फंक्शन दोन्ही गोल कंसातच लिहावे लागले. नुसते टाइम(3) पाहून ते नेमके काय आहे, हे कळायला मार्ग नव्हता. तोडगा म्हणून फंक्शनच्या नावाअखेर ‘एफ’ सक्तीचा केला. टाइमएफ हे फंक्शन असेल तर टाइम नावाचे व्हेरिएबल चालत नसे. चार किंवा जास्त अक्षरांच्या अ‍ॅरेचे नाव ‘एफ’ने संपवायलाही बंदी होती.

1966 च्या मानकापर्यंत हे शेपूट गेले, पण फॉरट्रानने शब्द राखीव (म्हणजे नाव म्हणून वापरायला बंदी असलेले) ठेवले नाहीत ते नाहीतच. कोबोल या त्याच काळातल्या भाषेने शेकडो शब्द राखून ठेवले. ते जाचक, पण निदान कंपायलर गोंधळत नाही.

1977 च्या मानकाने इंट्रिन्सिक ही घोषणा आणली; हे नाव अंगभूत फंक्शनचे आहे, असे ती सांगते. खरी मेख वेगळीच आहे. ‘रिअल साइन’ (साइन ही दशांश संख्या) एवढे लिहिल्याने साइनचे फंक्शनपण जात नाही. पुढे कुठेतरी ‘साइन = 3.0’ आले की त्या प्रोग्रॅम युनिटपुरते ते व्हेरिएबल ठरते, आणि मग त्याच युनिटमध्ये साइन(एक्स) लिहिले की चूक. म्हणजे सिम्बॉल टेबलमधली (कंपायलरने ठेवलेल्या नावांच्या यादीतली) ती नोंद बऱ्याच ओळी अधांतरी राहते. कंपायलरच्या एका टप्प्याने तिला व्हेरिएबल मानले आणि पुढच्याने फंक्शन समजून आर्ग्युमेंटची (फंक्शनला दिलेल्या मूल्यांची) यादी मागितली, तर तिथे रिकामा पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, हाती लागतो. जीसीसी हा कंपायलर मग ‘इंटर्नल कंपायलर एरर’ म्हणून थांबतो. प्रोग्रॅम चुकीचा असला तरी हा दोष कंपायलरचाच. चुकीच्या कोडवर त्याने नीट संदेश द्यायला हवा.

अशा वेळी आधी त्या व्हेरिएबलचे नाव बदलून पाहावे. एररची जागा कळत नसेल तर फाइल निम्मी-निम्मी कापत जावे. साइन फंक्शन म्हणूनच हवे असेल तर ‘इंट्रिन्सिक साइन’ लिहावे, म्हणजे त्याला किंमत देणाऱ्या ओळीवरच चूक सापडते.

जुन्या कोडला त्रास उलट बाजूनेही होतो. सम हे अंगभूत फंक्शन फॉरट्रान 90 मध्ये आले. त्याआधी कोणी स्वतःचे सम(ए, एन) लिहून ते एक्स्टर्नल (अंगभूत नव्हे, बाहेरचे) म्हणून घोषित केले नसेल, तर नवा कंपायलर अंगभूत सम धरतो आणि एनला अ‍ॅरेची मिती समजतो.

सी या भाषेत भूमितीचे प्रोग्रॅम लिहिणारे हमखास अडकतात ते वाय1 या ग्लोबल व्हेरिएबलवर. गणिताच्या हेडरमध्ये (फंक्शनची नावे जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) त्याच नावाचे बेसेल फंक्शन आहे. व्हेरिएबल स्टॅटिक (त्या फाइलपुरते) करून सुटका होत नाही. व्हेरिएबल फंक्शनच्या आत न्यावे, किंवा जीसीसीला काटेकोर सी99 चा (सीच्या 1999 च्या मानकाचा) पर्याय द्यावा. मग हेडर ते नाव जाहीरच करत नाही.