प्रचारातला विनोद: मतदार हसतो, पण मत देतो का?

हल्ली निवडणूक लागली की जाहीरनाम्याच्या आधी मीम्स फिरायला लागतात आणि सगळ्यांना वाटतं हे सोशल मीडियामुळे सुरू झालं, पण नेत्यांची खिल्ली उडवणं हे निवडणुकीइतकंच जुनं आहे. इ.स.पू. 424 मध्ये अथेन्सला अरिस्टोफेनिसने 'नाइट्स' नाटकात क्लिऑन या बड्या नेत्याची अक्षरशः सालटी काढली, नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि थोड्याच दिवसांत त्याच अथेन्सकरांनी क्लिऑनला सेनापतींपैकी एक म्हणून निवडूनही दिलं! लोक हसले म्हणजे मत फिरलं हे गणित तेव्हाही चुकीचं होतं आणि पक्ष आजही तिथेच फसतात.

मग विनोदाने होतं काय? माझ्या मते तो मत फिरवण्यापेक्षा माणसाची एक प्रतिमा डोक्यात बसवतो, जी नंतर जाता जात नाही. 1871 मध्ये न्यूयॉर्कचा भ्रष्टाचारी नेता बॉस ट्वीड याला व्यंगचित्रकार थॉमस नास्टने डोक्याच्या जागी पैशाची थैली असलेला असा रंगवला. पेपरात घोटाळ्याचे आकडे येतच होते, पण ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही चित्र कळत होतं. त्या वर्षी निवडणुकीत ट्वीडची बरीच माणसं पडली, तो स्वतः मात्र निवडून आला, आणि पुढे कैदेतून पळून 1876 मध्ये स्पेनला गेल्यावर तिथे तो ओळखला गेला तो नास्टच्याच व्यंगचित्रावरून.

टीव्ही आल्यावर मोठा बदल झाला, नेते स्वतःच विनोद करायला लागले. 1968 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन, ज्यांची ओळखच कडक आणि रुक्ष माणूस अशी होती, ते मतदानाच्या काही आठवडे आधी एका कॉमेडी शोमध्ये एक छोटंसं वाक्य बोलून गेले. त्यांचे प्रतिस्पर्धी हम्फ्री यांनाही बोलावणं होतं, ते गेले नाहीत. निकालात निक्सन जिंकले, पण दोघांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, आता तो फरक त्या वाक्यामुळे पडला असं कोणी सिद्ध करू शकत नाही, पण तेव्हापासून कॉमेडी शोला जाणं हा प्रचाराचाच भाग झाला.

सगळ्यात अभ्यासण्यासारखा किस्सा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा, ते दुसऱ्यांदा उभे होते तेव्हाचा. 1984, वय 73, पहिल्या डिबेटमध्ये अडखळले होते आणि हे थकलेत का अशी चर्चा जोरात होती. दुसऱ्या डिबेटमध्ये वयाचा प्रश्न आला तर म्हणाले, मी वयाचा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याचं तरुणपण आणि अननुभव मी राजकारणासाठी वापरणार नाही. समोरचे मॉन्डेल 56 वर्षांचे, तेही हसले, आणि आपण हरलोय हे तेव्हाच कळलं असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलंय. बघा, तब्येतीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही, तरी शंका मिटली, कारण असं पटकन सुचणारा माणूस थकलेला वाटत नाही. संशोधकही साधारण हेच सांगतात की हसताना माणूस मनातल्या मनात वाद घालत नाही, गंमत म्हणून सोडून देतो आणि मुद्दा मात्र आत राहून जातो.

याची काळजी वाटावी अशी बाजूही आहे. 2008 मध्ये 'मला घरातून रशिया दिसतो' हे वाक्य टिना फे या अभिनेत्रीने अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची नक्कल करताना म्हटलं, पेलिन फक्त एवढंच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका जागेवरून रशिया दिसतो, पण आजही कित्येक लोकांना ते पेलिन यांचंच वाक्य वाटतं. 2004 च्या उमेदवारांवरचे विनोदी कार्यक्रम विद्यार्थ्यांना दाखवून अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात उमेदवारांबद्दलचं मत घसरलं आणि आपल्याला राजकारण कळतं हा आत्मविश्वास मात्र वाढला.

मग कॉमेडियनच उभे राहायला लागले. बँका बुडाल्यानंतरच्या आइसलँडमध्ये 2010 ला योन ग्नार यांच्या पक्षाने राजधानी रेक्याविकच्या महापालिकेत 15 पैकी 6 जागा जिंकल्या, ते महापौर झाले आणि पूर्ण टर्म चालवली. 2019 मध्ये युक्रेनमध्ये झेलेन्स्की दुसऱ्या फेरीत जवळपास 73 टक्के मतं घेऊन आले, टीव्ही सिरीयलमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झालेल्या साध्या शिक्षकाचा रोल करायचे, आणि मतदारांच्या मनात प्रचाराच्या आधीपासून तो शिक्षकच बसलेला होता.