पॉइंट 22 च्या गोळ्यांची टंचाई: परवान्यावरचा कोटा वाढवून कसा घ्यायचा?

स्पर्धेच्या तोंडावर पॉइंट 22 (0.22 इंची) रायफलच्या गोळ्या न मिळणं ही नेमबाजांची जुनी डोकेदुखी. मॅच ग्रेडचा, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा, चांगला माल परदेशातून येतो. तो लांबला की रेंजवर सगळ्यांचाच सराव खोळंबतो. 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) प्रकाराच्या पात्रता फेरीतच 60 शॉट, साईटर म्हणजे गुणांत न धरले जाणारे चाचणीचे शॉट वेगळे. म्हणजे 50 गोळ्यांची एक डबी एका सामन्यालाही पुरत नाही.

आणि माल आला तरी ज्याच्या शस्त्र परवान्यावर जागा शिल्लक आहे, त्यालाच तो घेता येतो. परवान्यावर दोन आकडे असतात: एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची. दुसरा आकडा आजच उघडून बघा. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी ही वार्षिक मर्यादा बरीच वाढवली. तुमच्या परवान्यावर अजून जुनाच आकडा असेल, तर तो वाढवण्यासाठी अर्ज करा.

किती वाढ मिळेल, हे तुमच्या दर्जावर ठरतं. नामांकित नेमबाज, होतकरू नेमबाज, ज्युनिअर नेमबाज असे वर्ग नियमांत आहेत आणि ते मुख्यतः स्पर्धेतल्या गुणांवर ठरतात. म्हणून राज्य रायफल संघटनेचं शिफारसपत्र आणि गुणांची प्रमाणपत्रं हीच अर्जातली वजनदार कागदं. सोबत मूळ परवाना, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), क्लबचं सदस्यत्व, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि मागच्या खरेदीच्या पावत्या जोडा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अर्ज पोलीस आयुक्तालयात, आयुक्तालय नसेल तिथे जिल्हाधिकारी कार्यालयात. परवान्याची मुदत संपत आली असेल, तर आधी नूतनीकरण उरका.

टंचाईत दोन चुका हमखास होतात. पहिली, मित्राला डबी देणं. आयुध कायद्याच्या कलम 5 प्रमाणे स्वतःच्या गोळ्या दुसऱ्या परवानाधारकाला द्यायच्या तरी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. दुसरी, रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरणं. पॉइंट 22 ची गोळी रिमफायर, म्हणजे ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेतच असलेली, असल्याने तिची रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसतेच. पण 12 बोअरच्या शॉटगनवाल्यांनीही लक्षात ठेवावं, की काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्र, दोन्ही कायद्याने दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय हात लावू नका.

माल येईपर्यंत सराव थांबवायचीही गरज नाही. 4.5 मिमीपर्यंतच्या नळीच्या आणि छर्रा बाहेर पडतानाची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही.