टेपवर उतरलेले सभागृह

‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडने १९७२ च्या जपान दौऱ्यात १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, तर १७ ऑगस्टला टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये कार्यक्रम केले. या तीन रात्रींच्या ध्वनिमुद्रणातून निवडलेल्या सात गाण्यांचा ‘मेड इन जपान’ हा दुहेरी अल्बम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. सातांपैकी पाच गाणी ओसाकाची आहेत. तिथल्या आवाजाचा नेमकेपणा मला आजही थक्क करतो आणि त्यामागे वादकांच्या कौशल्याइतकेच भौतिकशास्त्र आहे.

ही दोन सभागृहे मुळातच वेगळ्या कामांसाठी उभारलेली होती. फेस्टिव्हल हॉल १९५८ मध्ये संगीतासाठी बांधला गेला, तर प्रचंड अष्टकोनी छताचे बुदोकान १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्यूदोसाठी. मूळ आवाज थांबल्यावरही भिंतींवरून, छतावरून परावर्तित होत राहणाऱ्या ध्वनीला आपण निनाद म्हणतो आणि तो ६० डेसिबलने क्षीण व्हायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. हार्वर्डमधील वॉलेस सॅबाइन यांनी १८९० च्या दशकात नाट्यगृहातील गाद्या रात्री व्याख्यानगृहात आणून, त्या कमीअधिक करत हा काळ मोजला. सभागृहाचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांबतो आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखडतो, हे त्यातून सिद्ध झाले. प्रेक्षकांचे कपडेही ध्वनी शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी रात्रीच्या कार्यक्रमाला तंतोतंत लागू पडत नाही.

ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांच्या हाताशी आठ ट्रॅकचे, म्हणजे एकाच वेळी आठ आवाज वेगवेगळे नोंदवणारे टेपयंत्र होते. पाच वादक-गायक, ड्रम्सचे अनेक भाग आणि प्रेक्षक एवढे सारे आठ ट्रॅकमध्ये बसवायचे, तर काही आवाज तिथल्या तिथे एकत्र करावेच लागतात आणि एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. शिवाय प्रत्येक माइकमध्ये शेजारच्या वाद्याचा आवाज शिरतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ओठांपासून १० सेंटिमीटरवरचा माइक ८० सेंटिमीटरवर नेला, तर गायकाचा आवाज १८ डेसिबलने उतरेल, पण मागच्या ड्रम्सचा जवळपास तेवढाच राहील. बँडचे गायक इयान गिलन यांच्या टिपेच्या स्वरांसाठीही माइक तोंडाजवळ लागतो, तो यासाठीच.

एका आवाजाच्या दुसऱ्याच्या माइकमध्ये होणाऱ्या या गळतीमुळे चूक झाकणेही अवघड होते, कारण गाण्याची एक ओळ पुन्हा गाऊन बदलली, तरी मूळ ओळ ड्रम्सच्या माइकमध्ये अंधूकशी शिल्लक असते. नंतर स्टुडिओत काहीही भरलेले नाही, असे बँडने कायम सांगितले आहे. अल्बममध्येच मंचावरून एक प्रसिद्ध मागणी ऐकू येते: प्रत्येक गोष्ट बाकी प्रत्येक गोष्टीपेक्षा मोठी ऐकवता येईल का? तर्काला न पटणारी ही विनंती मंचावरच्या माणसाची खरी अडचण सांगते. भल्यामोठ्या ॲम्प्लिफायरच्या गदारोळात स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून गायकापुढे मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर ठेवतात, पण तो फार वाढवला तर त्यातला आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो आणि या चक्रात वाढत जाऊन कर्कश शिट्टी होतो.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ या गाण्यात रिची ब्लॅकमोर यांची गिटार आणि गिलन यांचा गळा यांचे सवालजवाब रंगतात. हवेतून ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मंचावर काही मीटर अंतरावरच्या साथीदाराचा स्वर थोडा उशिरानेच कानी येतो आणि तरीही उत्तर चपखल बसते. हे गाणे १६ ऑगस्टच्या रात्री ज्या ओसाकाच्या सभागृहात मुद्रित झाले, ते आज उभे नाही. त्याच जागी बांधलेला नवा फेस्टिव्हल हॉल २०१३ मध्ये सुरू झाला. जुन्या वास्तूचा निनाद आता अशा टेपवरच ऐकायला मिळतो.