व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची कारकीर्द

व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची कारकीर्द : पैशासाठी लढणाऱ्या मुष्टियोद्ध्याचा पहिल्या लढतीपासून निवृत्तीपर्यंतचा प्रवास, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत, निवृत्तीनंतर पुन्हा रिंगमध्ये उतरण्यापर्यंतचा. हौशी मुष्टियुद्धात स्पर्धा असतात, ड्रॉ असतो, समोर कोण येईल हे चिठ्ठी ठरवते. व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रत्येक लढत हा स्वतंत्र करार असतो. कोणाशी लढायचे, कुठे, किती फेऱ्या आणि किती पैशांवर, हे आधी कागदावर ठरते. म्हणूनच या पेशातले चढउतार फक्त ठोशांनी घडत नाहीत. कोणती लढत घेतली आणि कोणती टाळली, याचाही त्यात मोठा वाटा असतो.

मुष्टियोद्ध्याची पत त्याच्या खात्यावरून ठरते. खाते म्हणजे जय, पराजय, बरोबरी आणि नॉकआउट (समोरच्याला पाडून मुदतीआधीच संपवलेली लढत) यांची नोंद. त्यात पराभवाच्या रकान्यातले शून्य सगळ्यांत मौल्यवान. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. त्याचे नाव आजही त्या आकड्यासकट घेतले जाते. हे शून्य सांभाळायचे तर नवोदिताला सुरुवातीला झेपतील असेच प्रतिस्पर्धी द्यावे लागतात, आणि ते शोधण्याचे काम मॅचमेकर करतो. आपल्याकडे जत्रेच्या फडात जोड लावताना दोघे पैलवान तुल्यबळ आहेत ना, यावर सगळ्यांचा डोळा असतो. विजोड कुस्ती लागली की प्रेक्षक ओरडतात. इथे उलटे आहे. पहिल्या दहा-पंधरा लढती मुद्दाम विजोड लावल्या जातात आणि धंद्यात त्याला पोरगा घडवणे म्हणतात. चार फेऱ्यांच्या लढतीपासून सुरुवात करून सहा, आठ, दहा असे चढत तो बारा फेऱ्यांच्या अजिंक्यपद लढतीपर्यंत पोहोचतो.

मग समोरच्या कोपऱ्यात हरायला कोण येते? त्यांचीही कारकीर्द असते. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० व्यावसायिक लढती लढला. त्यांपैकी ३२ जिंकला, १२ बरोबरीत सुटल्या आणि २५६ हरला. आयत्या वेळी फोन आला तरी तयार राहायचे, होतकरू पोराला पुरेशा फेऱ्या खेळवायच्या, स्वतः फारसा मार न खाता गुणांवर (शेवटपर्यंत उभे राहून, पंचांच्या गुणांत) हरायचे आणि ठरलेले पैसे घेऊन घरी जायचे, हे त्याचे कौशल्य होते. नॉकआउट झाला की वैद्यकीय नियमाने काही आठवडे सक्तीची विश्रांती, म्हणजे तेवढी कमाई बुडाली. त्यामुळे बचाव पक्का असणे ही त्याच्या पोटाची गरज होती. २००८ मध्ये तो शेवटची लढत मात्र जिंकला. विश्वविजेत्यांच्या याद्यांत अशी माणसे नसतात, पण त्यांच्याशिवाय कोणाच्याही खात्यावर ‘२०–०’ असे लिहिले गेले नसते.

या पेशातले जवळजवळ सगळे चढउतार एकाच माणसात पाहायचे तर जॉर्ज फोरमनकडे (१९४९–२०२५) पाहावे. टेक्सासमधील मार्शल येथे जन्मलेला आणि ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या गरीब वस्तीत वाढलेला फोरमन किशोरवयात भुरट्या गुंडगिरीत होता. बेकार तरुणांसाठी सरकारने चालवलेल्या ‘जॉब कोअर’ या योजनेत त्याला मुष्टियुद्ध सापडले. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये त्याने हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले, आणि १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो व्यावसायिक झाला. पुढच्या साडेतीन वर्षांत ३७ लढती, ३७ विजय, त्यांत ३४ नॉकआउट. जाणकार नाके मुरडत होते, की यातले निम्मे विरोधी कोणाला माहीत तरी आहेत का? २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे त्याने तोवर अपराजित असलेला विश्वविजेता जो फ्रेझियर याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले, तेव्हा ही शंका मिटली. त्यानंतर टोकियोत होसे रोमन पहिल्या फेरीत, कराकसमध्ये केन नॉर्टन दुसऱ्या फेरीत. माजी विश्वविजेता मुहम्मद अली याचा जबडा मोडणारा तो हाच नॉर्टन. फोरमनला कोणी हरवू शकेल असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते.

पण झटपट संपणाऱ्या लढती सवय बिघडवतात. फोरमनला बराच काळ लांब लढत खेळावीच लागली नव्हती. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाइरच्या (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) राजधानीत, किन्शासात, मुहम्मद अलीने नेमके तेच हेरले. ही लढत खरे तर सप्टेंबरमध्ये व्हायची होती. सरावात फोरमनच्या डोळ्याच्या वर जखम झाल्याने ती पुढे गेली. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी ती स्थानिक वेळेनुसार पहाटे चारला सुरू झाली. लढत भरवणारा प्रमोटर डॉन किंग, पैसा झाइरचा हुकूमशहा मोबुटू याचा. दोघांनाही प्रत्येकी ५० लाख डॉलर. ३२ वर्षांचा अली दुसऱ्या फेरीपासून दोरांना टेकून उभा राहिला, हात चेहऱ्यापुढे धरून फोरमनला मारू दिले आणि अधूनमधून तोंडावर सरळ ठोसे देत राहिला. दमट हवेत २५ वर्षांचा फोरमन स्वतःच्याच ताकदीने थकला. आठव्या फेरीच्या अखेरीस तो पडला आणि पंचाने दहा अंक मोजले. ‘४०–०’ चे ‘४०–१’ झाले.

एका अंकाने एवढे काय बिघडते, असे बाहेरच्याला वाटेल. ज्याला अजिंक्य म्हणून विकले गेले, त्याच्याजवळ हरल्यावर विकायला काही उरत नाही, आणि हे सगळ्यांत आधी त्याला स्वतःला कळते. फोरमन पुढे बराच काळ कारणे सांगत राहिला : दोर सैल होते, मोजणी घाईने झाली, पाण्यात काहीतरी मिसळले होते. १९७५ च्या एप्रिलमध्ये टोरोंटोत त्याने एका संध्याकाळी पाच जणांशी लागोपाठ प्रदर्शनीय लढती केल्या. आपण अजूनही तेच आहोत हे दाखवण्याचा तो प्रयत्न होता. रिंगच्या कडेला बसून अली त्याची टर उडवत होता आणि प्रेक्षकही हुर्यो करत होते. या पेशातील इतका केविलवाणा देखावा शोधून सापडायचा नाही. जानेवारी १९७६ मध्ये रॉन लाइलविरुद्ध मात्र त्याने आपले पाणी दाखवले. चौथ्या फेरीत तो स्वतः दोनदा पडला, लाइल एकदा पडला, आणि पाचवीत फोरमनने लढत संपवली. मग १७ मार्च १९७७ रोजी प्वेर्तो रिकोतील सॅन हुआन येथे जिमी यंग या चतुर पण हलक्या ठोशांच्या मुष्टियोद्ध्याकडून तो गुणांवर हरला. उकाड्याने बेजार होऊन ड्रेसिंग रूममध्ये आला असता आपल्याला मृत्यूचा आणि मग देवाचा अनुभव आला, असे तो सांगत असे. २८ व्या वर्षी त्याने हातमोजे उतरवले आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला.

पुढची दहा वर्षे त्याच्या खात्यावर कोरी आहेत. १९८४ मध्ये त्याने मुलांसाठी एक युवा केंद्र उघडले, आणि ते चालवायला पैसे कमी पडू लागले तेव्हा हातात असलेल्या एकमेव धंद्याकडे तो परतला. मुष्टियोद्ध्यांच्या पुनरागमनामागे बहुधा पैसाच असतो, कबूल करणारे मात्र कमी. ९ मार्च १९८७ रोजी सॅक्रामेंटोत स्टीव्ह झूस्कीविरुद्ध उतरलेल्या फोरमनचे वजन १२१ किलो होते. किन्शासात ते सुमारे १०० किलो होते. लोक हसले, आणि गंमत म्हणजे तोही त्यांच्याबरोबर हसला. पहिल्या कारकिर्दीत कोणाशी धड न बोलणारा, घुम्या चेहऱ्याचा फोरमन आता बर्गरचे विनोद करणारा गोलमटोल काका झाला होता. खाते पुन्हा शून्यापासून बांधल्यासारखे बांधले गेले, पुन्हा तशाच दुबळ्या जोडी लावून. २४ लढती ओळीने जिंकल्यावर एप्रिल १९९१ मध्ये विश्वविजेता इव्हँडर होलीफील्ड याच्यासमोर तो १२ फेऱ्या टिकला आणि गुणांवर हरला. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसतच नसे, उभा राही. १९९३ मध्ये टॉमी मॉरिसननेही त्याला गुणांवर हरवले, आणि आता संपले असे सर्वांनी धरून चालले.

५ नोव्हेंबर १९९४ ची मायकल मूररविरुद्धची लढत त्याला गुणवत्तेपेक्षा नावावर मिळाली, हे मान्य करायला हवे. आधीची लढत हरलेल्या ४५ वर्षांच्या माणसाला अजिंक्यपदाची संधी देण्यास डब्ल्यूबीए या संघटनेचा विरोध होता. फोरमनला न्यायालयात जावे लागले. लास व्हेगासमध्ये त्याने किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घातली, आणि त्याच्या कोपऱ्यात होता प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो वीस वर्षांपूर्वी अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या २६ वर्षांच्या, अपराजित, डावखुऱ्या मूररने त्याला मनसोक्त मारले. तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा हनुवटीवर बसला आणि मूरर उठू शकला नाही. हेवीवेट अजिंक्यपद जिंकणारा सर्वांत वयस्क मुष्टियोद्धा हा फोरमनचा विक्रम त्या एका ठोशाचा. ज्या फोरमनला पूर्वी चौथ्या फेरीनंतर काय करायचे सुचत नसे, त्यानेच दहाव्या फेरीपर्यंत वाट पाहिली.

पद मात्र रिंगमध्ये गेले नाही, कागदावर गेले. व्यावसायिक मुष्टियुद्धाला एक नियामक नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार प्रमुख संघटना आपापले पट्टे, म्हणजे अजिंक्यपदे, वाटतात आणि सांगितलेल्या आव्हानवीराशी लढला नाही तर ते काढूनही घेतात. टोनी टकरशी लढायला नकार दिल्याने १९९५ मध्ये डब्ल्यूबीएचा पट्टा गेला. जर्मनीच्या ॲक्सेल शुल्झवर मिळालेला विजय इतका वादग्रस्त ठरला की आयबीएफने फेरलढतीचा आदेश दिला. फोरमनने तो मानला नाही आणि तोही पट्टा गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जविरुद्धच्या शेवटच्या लढतीत वादाचे पारडे उलटे झाले. अनेकांच्या मते फोरमन जिंकला होता, पंचांनी हरवला. ८१ लढती, ७६ विजय, ६८ नॉकआउट.

पैशाच्या बाबतीत मात्र त्याचे उदाहरण नियम म्हणून घेऊ नये. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या, त्याच्या नावाच्या विजेच्या ग्रिलने त्याला रिंगपेक्षा जास्त दिले. १९९९ मध्ये साल्टन कंपनीने नावाचे हक्क १३ कोटी ७५ लाख डॉलरना घेतले. बाकीच्यांचे असे होत नाही. जाहीर होणाऱ्या रकमेतून मॅनेजरचा वाटा (कधी एक तृतीयांशापर्यंत), प्रशिक्षकाचा साधारण दहावा हिस्सा, सराव शिबिराचा खर्च आणि संघटनेचे शुल्क वजा होते, आणि कर उरलाच. जो लुईने २५ वेळा अजिंक्यपद राखले, महायुद्धात दोन लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधीला दिली, आणि तरी कराच्या थकबाकीपायी त्याला निवृत्तीतून परतावे लागले. १९५१ मध्ये तरुण मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकले. त्यानंतर त्याने पैशासाठी कुस्त्याही केल्या, आणि उतारवयात लास व्हेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी. ३० कोटींहून अधिक डॉलर कमावल्याचे सांगितले जाणारा माइक टायसन २००३ मध्ये दिवाळखोर ठरला. मुष्टियोद्धे नागवले जातात अशा तक्रारींवर अमेरिकेने २००० मध्ये अलीच्या नावाने कायदा केला. त्याने प्रमोटर आणि मॅनेजर यांच्या हितसंबंधांवर मर्यादा घातल्या, लढतीमागचे आर्थिक व्यवहार उघड करणे बंधनकारक केले.

शरीराचे खाते वेगळेच चालते आणि ते जाहीर होत नाही. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिवैज्ञानिक हॅरिसन मार्टलँड यांनी ठोसे खाऊन मेंदू बधिर झालेल्या मुष्टियोद्ध्यांची लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लढतीनंतर मरण पावला, तेव्हा कुठे अजिंक्यपद लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणण्यास सुरुवात झाली. किन्शासात दोरांना टेकून फोरमनला दमवणारा अली १९८० मध्ये, ३८ व्या वर्षी, लॅरी होम्ससमोर असाच उभा राहिला. या वेळी मारणारा दमला नाही. १९८१ मध्ये तो आणखी एक लढत हरला, १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनची लक्षणे असल्याचे निदान झाले.

भारतात व्यावसायिक मुष्टियुद्धाला प्रेक्षक मिळवून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न विजेंदर सिंगच्या नावावर झाला. बीजिंग ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवलेला विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, २०१६ मध्ये दिल्लीत त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला, आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवले. १२–० असे चांगले बांधलेले खाते होते. मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला नांगरलेल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, बराच उंच असलेल्या रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत ते शून्य पुसले. सतरा महिन्यांनी रायपूरमध्ये विजेंदर परतला, समोर घानाचा एलियासू सुले. सुलेच्या खात्यावर एकही पराभव नव्हता, सगळे विजय नॉकआउटचे होते. दुसऱ्या फेरीत तो पडला.