बायोमेडिकल रिसर्चसाठी जेआरएफ : फॉर्म कोण भरू शकतं, कागद कोणते लागतात आणि मुलं नेमकी कुठे अडकतात

लाइफ सायन्स, बायोटेक, मायक्रो, बायोकेम, फार्मसी यातलं काही केलंय, पुढे रिसर्चच करायचाय आणि घरून पैसे न मागता पीएचडी करायचीय, तर आपल्याकडे सगळ्यात मोठा रस्ता जेआरएफचाच, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपचाच आहे. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, जेआरएफ मिळाली म्हणजे पीएचडीची सीट मिळाली असं नसतं. फेलोशिप वेगळी आणि अ‍ॅडमिशन वेगळं. परीक्षा पास झाल्यावर गाइड, लॅब, संस्था हे सगळं आपल्यालाच शोधायला लागतं, आणि जॉइन होईपर्यंत एक रुपयाही येत नाही.

मुख्य दरवाजे तीन. पहिला सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, त्यात लाइफ सायन्सेसचा पेपर. दुसरा डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बीईटी परीक्षा, बायोटेकवाल्यांची. तिसरा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ, ती आरोग्य आणि रोगांवरच्या संशोधनाकडे झुकलेली. जमलं तर एकाच परीक्षेवर वर्ष लावू नका, अभ्यास बराचसा सारखाच असतो.

नेटचं आधी सांगते कारण बहुतेक जण तेच देतात. एमएस्सी किंवा समकक्ष डिग्री लागते, ओपनला किमान ५५ टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के. बीई, बीटेक, बीफार्म, एमबीबीएसवालेही बसू शकतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. फक्त नुसत्या बॅचलर डिग्रीवर पास झालात तर फेलोशिप तेव्हाच चालू होते जेव्हा तुम्ही दिलेल्या मुदतीत पीएचडी किंवा इंटिग्रेटेड पीएचडीला नाव नोंदवता. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी फॉर्म भरता येतो, 'रिझल्ट अवेटेड' म्हणून, त्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लागतं, आणि हे पत्र शेवटच्या दिवशी मागायला गेलात की सर सुट्टीवर असतात, म्हणून आधीच घेऊन ठेवा.

वयाची अट फक्त जेआरएफला आहे, याच परीक्षेतून मिळणाऱ्या असिस्टंट प्रोफेसरशिपच्या पात्रतेला नाही. एससी, एसटी, दिव्यांग आणि महिला उमेदवारांना पाच वर्षांपर्यंत सूट मिळते. वय कुठल्या तारखेला मोजणार ते त्या त्या वेळच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख समोर ठेवून स्वतः मोजा.

पेपर २०० मार्कांचा, तीन तास, कॉम्प्युटरवर. पार्ट ए मधे २० पैकी १५ प्रश्न, पार्ट बी मधे ५० पैकी ३५ आणि पार्ट सी मधे ७५ पैकी २५ सोडवायचे, चुकलं तर २५ टक्के मार्क कापतात. पार्ट सी चा एक प्रश्न ४ मार्कांचा, तिथेच मुलं पुढे जातात किंवा मागे राहतात.

आता कागदांबद्दल नीट वाचा, कारण चांगला अभ्यास केलेली मुलं इथे हकनाक बाहेर पडतात. नेटचा अर्ज एनटीएच्या (परीक्षा घेणारी केंद्राची संस्था) साइटवर ऑनलाइन असतो. फोटो, सही, दहावीची मार्कशीट, डिग्रीचे मार्क आणि आरक्षण घेणार असाल तर दाखला. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच टाका, आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. सीजीपीए असेल तर आपल्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्म्युल्यानेच टक्के काढायचे, अंदाजाने नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आपण कॉलेज अ‍ॅडमिशनला वापरतो तो राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखला इथे चालत नाही. व्हीजेएनटी आणि एसबीसी हे प्रवर्ग केंद्राच्या फॉर्ममधे नसतातच. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात त्यात आहे का ते यादीत बघूनच टिक करा. एसईबीसीला (मराठा समाजासाठीचा राज्याचा प्रवर्ग) केंद्रात आरक्षण नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, मागच्या वर्षीचा नाही. तहसीलमधून हे कागद निघायला वेळ जातो, त्यामुळे नोटिफिकेशन यायची वाट बघत बसू नका, दाखल्यांसाठी आजच अर्ज टाका. फॉर्म भरून झाल्यावर कन्फर्मेशन पेज डाउनलोड करून मेलवर टाकून ठेवा. करेक्शनसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, पण सगळंच बदलता येत नाही.

बीईटीत दोन याद्या लागतात. कॅटेगरी एक वाले देशातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेत फेलोशिप नेऊ शकतात, कॅटेगरी दोन वाल्यांना डीबीटीने पैसे दिलेल्या प्रोजेक्टमधेच निवड मिळवायला लागते. कॅटेगरी दोन आली म्हणून सोडून देऊ नका, चांगले प्रोजेक्ट असतात.

पैसे किती? १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००, वर शहराप्रमाणे घरभाडं. सीएसआयआरची कंटिंजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे, वर्षाला २०,०००. एकूण पाच वर्षं. दोन वर्षांनी एसआरएफ आपोआप होत नाही, कमिटी बसते, काम बघते, मगच होते.

रिझल्ट लागला की लगेच गाइडना मेल करायला लागा. पुण्यात एनसीसीएस (पेशींवरचं संशोधन), एनआयव्ही (विषाणू), आघारकर संशोधन संस्था, एनसीएल (रसायन), खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, मुंबईत आयसीएमआरचं प्रजनन आरोग्यावरचं इन्स्टिट्यूट, अशा जागा आपल्याच राज्यात आहेत, शिवाय युनिव्हर्सिटीचे विभाग. प्रत्येकाचं अ‍ॅडमिशनचं वेळापत्रक आणि इंटरव्ह्यू वेगळा. मेलमधे त्या लॅबचं काम वाचून दोन ओळी लिहा, सगळ्यांना एकच मेल पाठवला तर तो समोरच्याला लगेच कळतो. जॉइन झाल्यावर जॉइनिंग रिपोर्ट गाइड आणि संस्थाप्रमुखांच्या सहीने दिल्लीला सीएसआयआरच्या एचआरडी ग्रुपकडे जातो, पहिले पैसे यायला वेळ लागू शकतो, तेव्हा सुरुवातीच्या खोलीभाड्याची सोय करून जा. फेलोशिप चालू असताना दुसरी पगाराची नोकरी किंवा दुसरी फेलोशिप घेता येत नाही.

जेआरएफ नाही झाली तरी दार बंद नाही. संस्थांच्या साइटवर प्रोजेक्ट असोसिएटच्या जाहिराती येत असतात, बऱ्याच पदांना नेट नसली तरी चालतं, एक-दोन वर्षं लॅबमधे हात बसतो आणि पुढचा अटेम्प्टही देता येतो. आणि पीएचडीला रजिस्ट्रेशन झालंय पण फेलोशिप नाही अशांसाठी राज्यात एससी विद्यार्थ्यांना बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांना सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीला महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप आहे, त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात आणि तिथे मात्र राज्याचाच दाखला लागतो.