पार्श्वभूमी : ‘कुकिंग बेकन’ नावाचे पाकीट

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटात बेकनच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या, थंड कपाटात, बहुधा अगदी खालच्या फळीवर, वाकून पाहिले तरच दिसेल असे एक पाकीट असते. वर लिहिलेले असते ‘कुकिंग बेकन’. आत अंगठ्याएवढा जाड एखादा ठोकळा, फाटक्या चकत्यांच्या चिंध्या, चरबीची पांढरी पट्टी आणि नशीब असेल तर तीन-चार जवळजवळ अख्ख्या चकत्या. भाव शेजारच्या सरळ कापलेल्या बेकनच्या कितीतरी खाली. आपल्याकडे बेकरीत खारीचा चुरा मिळतो, किराणा दुकानात काजू तुकडा मिळतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की काजू तुकडा म्हणजे काजूच याबद्दल कुणाला शंका नसते. इथे ती आहे.

शंका नावापासूनच सुरू होते. ब्रिटनमध्ये विकले जाणारे बहुतेक बेकन कच्चेच असते आणि शिजवूनच खायचे असते. मग ‘शिजवायचे बेकन’ म्हणून वेगळे काय काढले? ही बोली तिथल्या सफरचंदांच्या बाजारातली वाटते. नुसते खायचे सफरचंद वेगळे आणि पाय-क्रंबलसारख्या भाजलेल्या गोड पदार्थांत घालायचे आंबट ‘कुकिंग ॲपल’ वेगळे. म्हणजे हे बेकन ताटात मिरवायचे नाही, पदार्थात जिरवायचे.

खरा गुंता पुढे आहे, ‘बेकन’ या शब्दात. इंग्लंडच्या विल्टशर पद्धतीत डोके आणि खुरांकडचा भाग काढून डुकराची अख्खी उभी बाजू मिठाच्या पाण्यात मुरवत. ती बाजू कापली, की पाठीचा भाग ‘बॅक’, पोटाचा ‘स्ट्रीकी’, मानेकडचा ‘कॉलर’ आणि मागची तंगडी ‘गॅमन’. तीच तंगडी आधी कापून वेगळी मुरवली, तर ती ‘हॅम’. शिवाय गॅमन घरी उकडून गार केले, की पुष्कळ घरांत त्यालाही हॅमच म्हणतात. आता चकत्या कापणाऱ्या यंत्राखाली पडलेला तंगडीचा एखादा तुकडा घ्या. पडण्याआधी तो गॅमन होता, ‘कुकिंग बेकन’च्या पाकिटात गेल्यावर बेकन झाला. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण स्वयंपाक करणाऱ्याची पंचाईत होते. कॉलर चिवट, सावकाश शिजणारा. स्ट्रीकी चरबीने भरलेला. गॅमन जवळजवळ सगळा मांसाचा. तिघे एकाच कढईत पडले, तर तीन वेगवेगळ्या वेळांना तयार होतात. त्यात धुरी दिलेले आणि न दिलेले तुकडे एकत्र असले, तर एक घास धुरकट आणि पुढचा साधा.

अमेरिकेत हा घोळ कमी. तिथे नुसते बेकन म्हटले की पोटाचाच भाग, त्यामुळे ‘एंड्स अँड पीसेस’ (टोके आणि तुकडे) लिहिलेल्या पाकिटात काय निघणार ते साधारण ठाऊक असते. अमेरिकी कृती वाचून ब्रिटिश पाकीट कढईत उलटणाऱ्याला हवी तेवढी चरबी सुटत नाही आणि कांदा करपतो, तो यामुळेच. ‘बेकन बिट्स’ लिहिलेली बरणी मात्र तिथेही उलटी करून वाचावी. काहींत डुकराचा अंशही नसतो, सोयाबीनलाच बेकनची चव दिलेली असते. फ्रेंच ‘लार्दों’ तर या कुळातले नव्हेतच. ते मुद्दाम एका मापाने कापलेले, उरलेले नव्हे. ब्रिटिश दुकानात ते वरच्या फळीवर चढ्या भावाने बसतात. त्यातला बराचसा भाव सुरी चालवण्याचा असतो, असे माझे मत आहे.

तुकडा उरायला आधी चकती हवी, हे विसरले जाते. खेड्यातल्या घरात मुरवलेली बाजू टांगलेली असे, लागेल तेवढे कापून घेत, त्यात ‘उरलेले’ असे काही नसे. मग विल्टशरमधल्या कॅल्न गावात १८५६ मध्ये बर्फघर उभे राहिले आणि हिवाळ्यापुरती असलेली मुरवण उन्हाळ्यातही होऊ लागली. १८८७ मध्ये जर्मनीने डेन्मार्कच्या जिवंत डुकरांना दार बंद केले. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या हॉर्सेन्सला शेतकऱ्यांनी सहकारी कत्तलखाना काढला आणि ब्रिटिश न्याहारीवर नजर ठेवून बेकन करायला घेतले. (सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.) आणि १८९८ मध्ये रॉटरडॅमच्या एका खाटकाने मांसाच्या पातळ चकत्या कापणारे यंत्र आणले. पुढे असे चाकाचे यंत्र ब्रिटिश वाण्यांच्या दुकानांतही आले. आता सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात असा गिऱ्हाइकाचा आग्रह सुरू झाला, आणि यंत्रात धरता येणार नाही असे टोक रोज मागे उरू लागले. वाणी ते स्वस्तात देऊन टाकी.

दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेबच उलटा केला. ८ जानेवारी १९४० ला ब्रिटनमध्ये रेशन सुरू झाले, तेव्हा पहिल्या यादीत लोणी, साखर आणि बेकन-हॅम होते. माणशी आठवड्याला ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. बेकन पहिल्याच दिवशी यादीत का? कारण ब्रिटनचे बरेचसे बेकन बोटीने येई आणि त्यात डेन्मार्कचा वाटा सर्वांत मोठा होता. काही वृत्तपत्रांना हे रेशन मुळीच पसंत नव्हते. महिना संपता संपता वाटा दुप्पट करून ८ औंस केला गेला, कारण सगळे लोक आपला वाटा उचलतच नव्हते आणि माल पडून राहायला लागला होता. टीकाकारांना हसायला कारण मिळाले. ९ एप्रिलला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या, आणि उन्हाळ्यात वाटा पुन्हा ४ औंसांवर आला. वाढवण्याचा तो निर्णय उतावळा होता असे आजही म्हटले जाते. पण नासणारा माल गोदामात ठेवून करायचे तरी काय होते?

रेशनमध्ये गिऱ्हाइकाला एका वाण्याकडे नाव नोंदवावे लागे. दुसरीकडे जायची सोय नव्हती. वाट्याचे वजन ठरलेले होते, तुकडा कोणता मिळेल ते नव्हे. त्या ४ औंसांत पाठीचे मांस येते की पोटाची चरबी की टोकाचा ठोकळा, हे बरेचसे वाण्याच्या मर्जीवर. कालपर्यंत स्वस्तात सुटणारे टोक आता कुणाच्या तरी हक्काच्या वाट्यात मोजले जाऊ लागले. सुटलेली चरबी वाटीत धरून ठेवायची, सालीचा कडक पट्टा सूपमध्ये उकळायचा, ही काटकसर तेव्हाची. घरी डुक्कर पाळून मारणाऱ्याला आपल्या बेकनच्या वाट्यावर पाणी सोडावे लागे. युद्ध संपल्यावर तर काही काळ वाटा ४ औंसांच्याही खाली गेला. बेकन आणि मांस रेशनमधून मोकळे झाले ते ४ जुलै १९५४ ला, सगळ्यात शेवटी.

त्यानंतर दुकानातले चाक हळूहळू थांबले आणि चकत्या कारखान्यातच कापून, हवा काढलेल्या प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन येऊ लागल्या. तुकडे पडण्याची जागाही वाण्याच्या गल्ल्यावरून कारखान्यात गेली. मिठाचे पाणी सुयांनी मांसात टोचण्याची रीत रुळली. तव्यावर पांढरा फेस येतो तो याचाच, आणि तुकड्यांच्या पाकिटात तर तो हमखास. १९९९ पासून ब्रिटनने डुकरांच्या माद्या अरुंद पिंजऱ्यात कोंडून ठेवायला बंदी घातली. युरोपातल्या बहुतेक शेजाऱ्यांनी तेव्हा तसे केले नव्हते. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या पैदाशीच्या माद्यांची संख्या साधारण निम्म्यावर आली आणि आयात वाढली. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने मुरवलेले, प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिचे म्हणणे. तुकड्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की चौघांच्या सूपला १०० ग्रॅम पुरतात.

हे सूप म्हणजे ‘पी सूप’, वाटाण्याचे. त्यावरूनच लंडनच्या दाट पिवळट धुक्याला ‘पी-सूपर’ म्हणत. वाटाण्याची पिवळी डाळ, कांदा, गाजर आणि गॅमनचे जाड ठोकळे. डब्लिनच्या ‘कॉडल’मध्ये बेकन, सॉसेज, बटाटे आणि कांदा मंद शिजतात. श्रॉपशरच्या ‘फिजेट पाय’मध्ये गॅमनबरोबर सफरचंद पडते. डाळ किंवा कडधान्य आणि खारवलेले डुकराचे मांस ही जोडी गोव्यालाही नवी नाही. तिथल्या फेजोआदमध्ये, म्हणजे राजम्याच्या रश्शात, चोरीस हे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज हेच काम करते. मुंबईकरांनाही बेकन अगदी परके नव्हते. देशात जे थोडे सरकारी बेकन कारखाने निघाले, त्यांतला एक बोरिवलीला होता.

पाकीट घरी आणल्यावर आधी ते ताटात ओतून निवडावे, तांदूळ निवडतो तसे. जाड ठोकळे सूपला, चरबीच्या पट्ट्या कढईला, अख्ख्या चकत्या पावाला. ठोकळे फार खारट वाटले, तर तासभर पाण्यात ठेवावेत. पट्ट्या थंड कढईतच टाकून मंद आच लावावी, तेल घालू नये. चरबी सुटली की त्यातच कांदा. मीठ अगदी शेवटी, चाखून.